आजीचे बायबल आणि वाँटेजची वाट

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात मी करंज्यांच्या टेबलापाशी उभी होते. भारतातून नुकतेच आलेले एक तरुण जोडपे भेटले. मी नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून सवय नाही), ते संगमनेरचे, म्हणजे गाववालेच. गप्पा रंगल्या. मग मी माझे नाव सांगितले. त्या मुलीने क्षणभर थांबून अगदी निरागसपणे विचारले, "काकू, तुम्ही ख्रिश्चन, मग तुम्ही घरी मराठीच बोलता?"

मला राग आला नाही. 1977 साली नर्स म्हणून या देशात आले तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की उत्तर तोंडपाठ आहे: हो, मराठीच, आणि नगरी मराठी. पण त्या दिवशी गर्दी होती, करंज्या संपत आल्या होत्या, आणि खरे उत्तर जरा लांबलचक आहे. यंदा संपादकांनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हटले तेव्हा ठरवले की तेच उत्तर लिहावे. वाचकहो, ते थोडे फिरत फिरत जाईल, सांभाळून घ्या.

खरे उत्तर असे की माझी आजी जन्माने मराठी नव्हतीच. ती गुजरातची. 1900 च्या दुष्काळात चार-पाच वर्षांची असताना पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात आली. आपले गाव कोणते, आडनाव काय, तिला सांगता येत नव्हते. एक मोठा भाऊ होता आणि त्याने एका स्टेशनावर तिचा हात सोडला, एवढेच आठवत होते. सोडला की सुटला, हे ती म्हातारी होईपर्यंत ठरवू शकली नाही. केडगावात ती मराठी शिकली, वाचायला शिकली, आणि तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला लागली. ज्या पुस्तकाचे खिळे तिने जुळवले ते पुस्तक म्हणजे रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर. म्हणजे आमच्या घरात मराठी आली ती त्या पुस्तकातून. आम्ही ख्रिस्ती असूनही मराठी नाही, ख्रिस्ती आहोत म्हणूनच मराठी आहोत.

आजीची ती प्रत माझ्याकडे स्विंडनला आहे. कडा झिजल्या आहेत, काही पानांवर हळदीची बोटे उमटली आहेत. तिने पेन्सिलीने उताऱ्यांशेजारी रेघा मारल्या आहेत, कुठे एक, कुठे दोन. या रेघांचा अर्थ लावताना मला कळत गेले की बायबल ही वाचण्याची जशी गोष्ट आहे तशी वापरण्याचीही आहे, आणि आपल्या मराठी माणसांनी ती कशी वापरली याला मोठा इतिहास आहे. गंमत म्हणजे त्या इतिहासाची दोन टोके माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाच्या आत आहेत.

पहिले टोक बुश्टन. रॉयल वूटन बॅसेटच्या पलीकडे, विल्टशरमधले छोटे खेडे. फादर थॉमस स्टीफन्स इथला. शाळेत मराठी भाषेच्या थोरवीवर त्याच्या ओव्या आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, पण तो या रस्त्यांवर लहानाचा मोठा झाला हे मला इथे येऊन कितीतरी वर्षांनी समजले. 1579 च्या ऑक्टोबरात तो गोव्याला उतरला. हिंदुस्थानात स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज तो हाच. पुढची चाळीस वर्षे त्याने तिथेच काढली, मुख्यतः साष्टीत. तो काळ गोड नव्हता. देवळे पाडली गेली होती, इन्क्विझिशन बसले होते, 1583 मध्ये कुंकळ्ळीला रक्तपात झाला होता. हे झाकून ठेवून स्टीफन्सचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही.

पण त्याच काळात त्याने एक गोष्ट ओळखली. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण त्याला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी आम्हाला काही द्याल की नाही? माणसाला नुसती आज्ञा पुरत नाही, त्याला कथा लागते, संध्याकाळी बसून ऐकायला, पोरांना सांगायला. स्टीफन्सने मग जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. 1616 साली राशोळला ते रोमन लिपीत छापले गेले. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. देवनागरीतले एक हस्तलिखित मात्र लंडनला, मार्सडेन संग्रहात सापडले. विल्टशरच्या माणसाची ओवी अरबी समुद्र ओलांडून पुन्हा इंग्लंडात येऊन पडली होती म्हणायची!

स्टीफन्सने लोकांना कथा दिली. प्रत्यक्ष बायबल मराठीत यायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान 1805 मध्ये आणि नवा करार 1811 मध्ये काढला. मग मुंबईच्या अमेरिकन मिशनने नवा करार 1826 मध्ये आणि पूर्ण बायबल 1847 मध्ये छापले. या भाषांतरांनी पुष्कळ काम केले. 1893 साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या (तेव्हा ते रेव्हरंड नव्हते) हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी नेमाने वाचायचे ठरवले, आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, अडकून पडले. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काय झाले ते ज्यांनी 'स्मृतिचित्रे' वाचले नसेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते वाचावे.

दुसरे टोक वाँटेज. स्विंडनहून पूर्वेला, ऑक्सफर्डशरमध्ये. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा आहे, तो 1877 साली बसवला. म्हणजे 1883 मध्ये पंचवीस वर्षांची रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इथे आली तेव्हा तो पुतळा तिथे होता. 2006 साली मी आणि माझे यजमान तिथे गेलो होतो. मी त्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसले आणि मनात म्हटले, हिने हाच पाहिला असणार.

रमाबाईंची हकिकत वाचकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगते, कारण ती माहीत असल्याशिवाय पुढचे कळणार नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी. वडिलांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले म्हणून टीका सोसली. सगळे कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत पुराणे सांगत असे. रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते असे सांगतात. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि बहीण थोड्या अवधीत गेली. झाडाचा पाला खाऊन दिवस काढल्याचे त्यांनी स्वतः लिहिले आहे. मग भावाबरोबर पायी भटकंती, कलकत्त्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न, आणि 1882 मध्ये वैधव्य. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाला पैसा उभा केला. वैद्यक शिकायचे होते, पण ऐकू कमी यायला लागले होते, त्यामुळे ते राहिले.

वाँटेजला सेंट मेरी द व्हर्जिन संघाच्या सिस्टरांकडे त्या उतरल्या. पुण्यात पंचहौदला याच संघाचे काम होते, तिथली ओळख. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा वाँटेजलाच दुर्दैवी अंत झाला. परक्या देशात, पहिल्याच वर्षी. आपण सगळे या देशात पहिल्या हिवाळ्यातून गेलो आहोत. फोन नाही, कोणी आपले नाही, आणि बरोबरची एकुलती एक मैत्रीण गेलेली.

सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलमला नेले. तिथे समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवले जात होते. रमाबाईंनी पाहिले की तिथल्या काही स्त्रिया उभ्या राहून स्वतःच आता आजाऱ्यांची सेवा करत आहेत. आपल्याकडे अशा बाईला कोणी दारात उभे करत नाही, मग या लोकांना हिच्यासाठी काही करावेसे वाटते ते का, असे त्यांनी एका सिस्टरला विचारले. उत्तरादाखल सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय दाखवला. पुढे 1907 मध्ये आपल्या साक्षीत रमाबाईंनी लिहिले की तो अध्याय वाचल्यावर येशू हा खरोखर तारणारा आहे अशी त्यांची खात्री पटली. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

काय आहे त्या अध्यायात? ऐन दुपारी एक बाई एकटी विहिरीवर पाणी भरायला येते. खेड्यातली कोणतीही बाई सांगेल की ही वेळ पाणवठ्यावर जायची नाही. सकाळी सगळ्याजणी मिळून जातात. ही दुपारी येते, कारण सकाळच्या बायकांत तिला उभे राहायचे नाही. विहिरीच्या काठावर एक दमलेला प्रवासी बसला आहे. तो यहुदी, ती शोमरोनी. त्यांच्या भांड्याला भांडे लागत नाही. आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, माझ्या हातचे पाणी तुम्हाला चालते? मग दोघांचे बोलणे होते. तिचे पाच नवरे झाले आहेत, सहावा नवरा नव्हे, हे तो सांगतो, पण त्यावरून तिला हाकलत नाही. ती विचारते की उपासना आमच्या डोंगरावर करायची की तुमच्या यरुशलेमेत? तो म्हणतो की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, आत्म्याने आणि खरेपणाने. ती घागर तिथेच टाकते आणि गावात पळत जाऊन, ज्या लोकांना टाळत होती त्यांनाच बोलावून आणते.

आता हे रमाबाईंच्या कानांनी ऐका. वडिलांनी आयुष्यभर एका तीर्थावरून दुसऱ्या तीर्थावर पायपीट केली, आणि शेवटी दुष्काळात मेले. आणि इथे सांगितले जात आहे की जागा महत्त्वाची नाही. शास्त्रांत स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाची वाट नाही असे त्या वाचत आल्या होत्या, आणि इथे सगळ्यात खोल गोष्ट सांगायला एक बदनाम बाई निवडली आहे. त्यांना याच अध्यायाने का धरले याबद्दल हा माझा तर्क, पण मला तो चुकीचा वाटत नाही. आपल्याकडे पाण्याला हात लावण्याच्या हक्कासाठी 1927 साली महाडला सत्याग्रह करावा लागला. तेव्हा मराठी माणसाला हा उतारा समजावून सांगायला टीकाकार लागत नाही.

इथे एक गोष्ट नमूद करते. बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाईंनी मान खाली घातली असे नाही. सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. अमुक मान म्हणून मी मानणार नाही, बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा खाक्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, लॅटिन काय आमच्या संस्कृतपेक्षा मोठी आहे, असेही त्यांनी विचारले. पुराणिकाची मुलगी ती, पोथी स्वतः वाचल्याशिवाय मान डोलावणार कशी? आणि आणखी आठ वर्षांनी त्यांनी प्रांजळपणे कबूल केले की इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. इतके सरळ लिहिणारी माणसे कमी.

1886 मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, या शारदा सदनातल्याच. 1893 मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठे वादळ झाले. 'केसरी'ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या मंडळातल्या पुष्कळांच्या मनात या प्रकरणाबद्दल अजून कढ आहे, हे मला माहीत आहे. एकदा एका स्नेह्यांनी मला तसे स्पष्ट बोलूनही दाखवले. माझे मत विचाराल तर, पालकांची तक्रार अगदी निराधार नव्हती. धर्मनिरपेक्ष म्हणून सुरू केलेल्या घरात प्रार्थनेचे दार उघडे ठेवले की कोण आत येईल हे सांगता येत नाही. पण ज्या विधवा मुलींना ते घर सोडून दुसरे दारच नव्हते त्यांची बाजू तेव्हा कोणी मांडली नाही, हेही खरे.

1896 च्या अखेरीला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यांना शहरात ठेवायला सरकारची मनाई. तेव्हा त्या केडगावच्या माळावर आधी घेतलेल्या जमिनीवर गेल्या. तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी आल्या, त्यांत माझी आजी. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार माणसांचा स्वयंपाक! आजी सांगे की भाकरीच्या थापा पहाटे सुरू व्हायच्या त्या थांबायच्याच नाहीत.

योहानाच्या चौथ्या अध्यायाचे केडगावात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. फुलमच्या घरासारखे एक घर तिथे झाले, त्याचे नाव कृपा सदन. म्हाताऱ्यांसाठी प्रीति सदन. आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. हे नाव कुठले, असे मी लहानपणी आजीला विचारले होते. मार्काच्या दहाव्या अध्यायातला बार्तीमय हा आंधळा भिकारी. यरीहोच्या रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारतो, लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? रमाबाईंच्या मनोरमेने ब्रेल शिकून घेतली आणि या मुलींना वाचायला शिकवले. म्हणजे रमाबाईंचे बायबलवाचन असे होते. उतारा वाचायचा, आणि त्याचे एक घर बांधायचे.

बार्तीमयाच्या गोष्टीशेजारी आजीची दोन रेघांची खूण आहे. तिचे म्हणणे असे, आंधळ्याला डोळे हवेत हे शेंबड्या पोरालाही कळते, तरी देवाने विचारले की नाही? मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात? "पोरी, विचारल्याशिवाय कोणाच्या ताटात वाढू नये." आमच्या दारी आलेल्या भिकाऱ्यालाही ती आधी विचारी, भाकरी हवी की पैसा की नुसते पाणी. मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या वॉर्डात बावीस वर्षे काम केले. सकाळी घाईत आम्ही सगळ्यांना धडाधड उठवून, धुऊन, खुर्चीत बसवत असू. एका म्हातारबाबांना रोज त्याचा राग यायचा. एक दिवस आजीचे वाक्य आठवले आणि मी विचारले, तुम्हाला आत्ता काय हवे आहे? ते म्हणाले, पाच मिनिटे खिडकीतून बाहेर बघायचे आहे. त्या दिवसापासून मी प्रत्येक खाटेपाशी आधी विचारायची सवय लावून घेतली. पुढे नर्सिंगच्या प्रशिक्षणात हेच मोठमोठ्या शब्दांत शिकवायला लागले, तेव्हा मला हसू यायचे.

आता भाषांतराकडे वळते. केडगावच्या बायकांना प्रचलित बायबलातली मराठी जड जाई. संस्कृत शब्दांनी भरलेली, पंडितांची. रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, आणि त्यांनीच ठरवले की साध्या, अडाणी बाईला कोणी समजावून न देता समजेल असे बायबल हवे. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ काम चालले. भाषांतर त्यांचे, खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या केडगावच्या मुली. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी. रमाबाई पुढची शेवटची प्रुफे तपासत राहिल्या. प्रुफे पुरी होईतो दहा दिवस दे, अशी त्यांनी देवाकडे प्रार्थना केली आणि तेवढेच मिळाले, अशी आठवण सांगतात. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले.

आजीचे लग्न तोवर झाले होते आणि ती नगरला होती. आजोबांनी तिला ही प्रत आणून दिली. खिळे जुळवणाऱ्यांना अक्षरे उलटी वाचायची सवय असते, त्यामुळे ती समोर बसलेल्या माणसाच्या हातातले बायबलही उलट्या बाजूने सहज वाची. आम्हा मुलांना ती जादू वाटायची. काही पाने आपण जुळवली आहेत असे ती सांगे आणि त्या पानांत चूक सापडली तर मलाच सांगा, बाईंना नको, असे म्हणून हसे.

तिच्या रेघांतून एक वहिवाट दिसते. कोणी प्रवासाला निघाले की स्तोत्र 121. आजाऱ्याच्या उशाशी 91. मयताच्या घरी 23. नव्या सुनेला रूथचे पुस्तक, आणि सासूलाही, हे ती आवर्जून सांगे, कारण त्यात सून जेवढी चांगली आहे तेवढीच सासूही. डोळे मिटून बायबल उघडायचे, बोट ठेवायचे आणि जे वचन येईल ते देवाचे उत्तर समजायचे, ही पद्धत आमच्या काही नातेवाइकांत होती. आजीला ती मुळीच पसंत नव्हती. ती म्हणे, चिठ्ठी काढायला पोपटवाल्याकडे जा. उतारा अख्खा वाचायचा, आधी काय झाले, नंतर काय झाले, कोण कोणाला बोलले. खिळे जुळवणारी बाई एकही ओळ गाळू शकत नाही, तीच शिस्त.

सगळ्यात जाड रेघ मात्र स्तोत्र 27 मधल्या दहाव्या वचनाशेजारी आहे. पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवलेली, कागद जवळजवळ फाटला आहे. त्याचा आशय असा की आईबापांनी टाकले तरी देव मला जवळ घेईल. याविषयी ती कधी बोलली नाही. मी एकदाच तिला ते मोठ्याने वाचताना ऐकले, 1972 च्या दुष्काळात. मी एकोणीस वर्षांची होते. नगर जिल्ह्यात खडी फोडायची कामे चालली होती, सुकडी वाटत होते. आम्ही चर्चच्या लोकांबरोबर एका कामावर गेलो होतो. एक मुलगा आपल्या लहान बहिणीचा हात धरून रांगेत उभा होता. आजी त्यांच्यापाशी गेली आणि त्याला म्हणाली, "हात सोडू नको हं." एवढेच. घरी आल्यावर रात्री कंदिलापाशी तिने ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. शेवटच्या वचनात धीर धरण्याविषयी, वाट पाहण्याविषयी आहे. तिने सत्तर वर्षे वाट पाहिली होती. दोन वर्षांनी ती गेली. भावाचे पुढे काय झाले ते आम्हाला कधीच कळले नाही.

वाँटेजच्या त्या फेरीत आम्ही गावातल्या सेंट पीटर आणि सेंट पॉल चर्चमध्ये गेलो. मी पिशवीतून आजीचे बायबल काढले आणि बाकावर बसून योहानाचा चौथा अध्याय मराठीत, हळू आवाजात वाचला. फुले सजवणाऱ्या एक वृद्ध बाई जवळ आल्या. कोणती भाषा, म्हणाल्या. मराठी, म्हटले. जुनी आहे का? मी म्हटले, तुमच्या पलीकडच्या बुश्टनचा एक माणूस चारशे वर्षांपूर्वी हिच्यात ओव्या लिहीत होता. त्यांनी ते नाव कधी ऐकले नव्हते. मी तिथेच बसून त्यांना सगळी कथा सांगितली. माझे यजमान बाहेर गाडीचे पार्किंगचे पैसे वाढवून आले.

माझी नात आता अकरा वर्षांची आहे. मंडळाच्या मराठी शाळेत जाते, अक्षर लावून वाचते. शनिवारी ती माझ्याकडे असते तेव्हा आम्ही आजीच्या बायबलातून थोडे वाचतो. मागच्या महिन्यात विहिरीची गोष्ट सुरू केली. ती बाई येशूला म्हणते की तुमच्याजवळ पाणी काढायला काही नाही आणि विहीर खोल आहे. "आजी, पाणी काढायला काय लागतं?" मी म्हटले, पोहरा. पोहरा म्हणजे काय? मी स्वयंपाकघरात गेले, लहान पातेल्याच्या कानाला पायजम्याची नाडी बांधली आणि दोघींनी जिन्यावरून खाली बादलीत सोडून बघितले. तिसऱ्या खेपेला अर्धे पातेले पाणी वर आले. बाकीचे जिन्यावर सांडले. तिने पुसून काढले आणि विचारले, "मग पुढे त्या बाईचं काय झालं?" पुढचा भाग आम्ही येत्या शनिवारी वाचणार आहोत.